नवी हार्डडिस्क टाकली तरी डी ड्राइव्ह गायब होतो! दोष नक्की कुणाचा?

अनघा_नाशिक | सोमवार, सकाळी ११:०५

नमस्कार मंडळी. इथे बरेच हार्डवेअरवाले आहेत म्हणून विचारते.

घरी असेंबल्ड डेस्कटॉप आहे. विंडोज १० एका २४० जीबीच्या एसएसडीवर, आणि १ टीबीची साधी ३.५ इंची हार्डडिस्क डी ड्राइव्ह म्हणून. मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते, त्यामुळे सगळे फोटो डीवर. हल्ली काम करता करता मध्येच सगळं गोठतं. माउस हलतो, पण फोल्डर उघडत नाही. थोड्या वेळाने एकतर आपोआप सुरळीत होतं, नाहीतर डी ड्राइव्ह यादीतून नाहीसाच होतो. मशीन बंद करून चालू केलं की स्वारी परत हजर.

दुकानात नेलं. त्यांनी बघितल्या बघितल्या "मॅडम, डिस्क गेली" म्हणून नवी बसवून दिली. जुन्यावरचा डेटा नीट कॉपी करून दिला, त्याबद्दल तक्रार नाही. पण नव्या डिस्कवरही तेच! आता म्हणतात मदरबोर्ड गेला, बोर्ड-प्रोसेसर-रॅम सगळं नवीन घ्या. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची गडबडींची नोंदवही) १२९ आणि १५३ नंबरच्या नोंदी दिसतात, मधूनच एखादी ११.

एवढा खर्च करायच्या आधी दोष कशात आहे ते घरच्या घरी ठरवता येईल का? स्क्रूड्रायव्हर धरता येतो, सोल्डरिंग येत नाही.

तिरपागडा | सोमवार, ११:२०

आधी बॅकअप, मग उदबत्ती. क्रम चुकवू नका.

जुना_खोंड | सोमवार, ११:४२

सोप्पं आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, चेकडिस्क डी, स्लॅश आर (डिस्क तपासून दुरुस्त करायची विंडोजची आज्ञा). रात्रभर चालू द्या. विंडोज एक्सपीपासून हेच करतोय, नव्वद टक्के डिस्का सुधारतात.

सोल्डरमास्तर | सोमवार, दुपारी १२:३०

खोंडबुवा, थांबा जरा. अनघाताई, चेकडिस्क आत्ता अजिबात करू नका, आधी दोष कशात आहे ते ठरू दे.

तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. दोन वेगवेगळ्या डिस्क, त्यातली एक कोरी, आणि लक्षण तेच. म्हणजे दोन्ही डिस्कना सामाईक काय होतं ते शोधायचं: डेटा केबल, बोर्डवरचं साटा पोर्ट (डेटा केबल जिथे लागते ते), पॉवरची वायर, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), रॅम आणि ड्रायव्हर. मदरबोर्ड या यादीत आहे, पण सगळ्यात महाग म्हणून तो सगळ्यात शेवटी.

इव्हेंटचे नंबरही बोलके आहेत. डिस्कच्या तबकडीवर खराब जागा असेल तर बहुधा ७ नंबर येतो, त्यात 'बॅड ब्लॉक' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. १२९ म्हणजे विंडोजने डिस्कला हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून तिला रीसेट केलं. १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं पुन्हा करून पाहावं लागलं. ११ म्हणजे कंट्रोलरच्या पातळीवर गडबड. तुमच्याकडे ७ नाही आणि बाकी तिघं आहेत, म्हणून मला डिस्कपेक्षा तिच्यापर्यंत जाणाऱ्या रस्त्याचा संशय जास्त.

आता क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, फुकट आहे. त्यात वर निळं 'गुड' दिसलं म्हणून खूश होऊ नका, खालचा तक्ता वाचा. ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींचे रॉ (मूळ) आकडे इथे द्या. पहिल्या तीन तबकडीच्या तब्येतीच्या. ०५ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे संशयित म्हणून वेटिंगवर ठेवलेले, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. सी७ मात्र डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये वाटेत बिघडलेल्या डेटाचा आकडा, तो वाढत असेल तर आधी केबल बघायची. हा आकडा कधी शून्यावर येत नाही, त्यामुळे किती आहे यापेक्षा वाढतोय का ते महत्त्वाचं.

एक सूचना: हे सॉफ्टवेअर रॉ आकडे हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळावर आधारलेल्या मोजणीत दाखवतं. फंक्शन मेन्यूत ॲडव्हान्स्ड फीचरखाली रॉ व्हॅल्यूज १० वर करा, नाहीतर साध्या आकड्यांना घाबरून जाल.

प्रा_डॉट | सोमवार, १२:५५

अवांतर होतंय, पण सोल्डरमास्तर, हे वाचून माझ्या लॅपटॉपवर लगेच लावलं. पिवळं 'कॉशन' आलंय. सी५ समोर १० आहे. म्हणजे दहाच सेक्टर ना? दहाने काय होतंय?

सोल्डरमास्तर | सोमवार, दुपारी १:०४

शेवटची ओळ वाचली नाहीत सर. हेक्समधले १० म्हणजे १६. डिस्क आतून ४ केबीचे सेक्टर वापरत असेल तर बऱ्याच ठिकाणी हा आकडा आठच्या पटीत वाढतो, म्हणजे तुमच्या दोन जागा गेल्यात. तुमचा प्रश्न अनघाताईंच्या उलट आहे, तुमची डिस्कच आजारी आहे. आधी महत्त्वाचं सगळं दुसरीकडे कॉपी करा, मग गप्पा.

जुना_खोंड | सोमवार, १:३०

सोळा सेक्टरसाठी डिस्क टाकायची? मी सी५ शंभरावर असलेल्या डिस्क स्लॅश आर मारून शून्यावर आणल्यात. लाइट अचानक गेली की अर्धवट लिहिलेला सेक्टर वेटिंगवर पडतो. त्यावर पुन्हा लिहिलं की तो चांगला निघतो आणि यादीतून जातो. उगाच लोकांना घाबरवू नका.

डेटा_दवाखाना | सोमवार, संध्याकाळी ६:१५

रोजचा धंदा डेटा रिकव्हरीचा असल्याने राहवलं नाही.

खोंडबुवांचं म्हणणं अर्धं खरं आहे. लाइट जाऊन अर्धवट राहिलेला सेक्टर पुन्हा लिहिला की सुधारतो, हे बरोबर. पण तो तसलाच आहे की हेड (तबकडीवरून डेटा वाचणारा भाग) खराब होत चाललंय, हे बाहेरून आधी कळत नाही. स्लॅश आर अख्खी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचते. हेड अडखळत असेल तर तेवढ्या वाचनातच जीव जातो. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक डिस्कांचा इतिहास "चेकडिस्क लावून झोपलो, सकाळी टक टक आवाज" असाच असतो.

दुसरं, चेकडिस्कला तुमच्या फोटोंचं सोयरसुतक नाही. तिला फाइल सिस्टीम नीट करायची असते. जी फाइल जुळत नाही ती तोडून 'फाउंड ००० ' नावाच्या फोल्डरमध्ये टाकते. डिस्क तंदुरुस्त आणि डेटाची दुसरी प्रत असेल तर खुशाल चालवा.

प्रा_डॉट, तुमच्यासाठी: साधं कॉपी-पेस्टही खराब जागी अडकून बसतं. लिनक्सवर जीएनयू डीडीरेस्क्यू आहे. ते आधी चांगला भाग पटापट दुसऱ्या डिस्कवर उतरवतं, अवघड जागा मागे ठेवतं आणि कुठपर्यंत आलं याची नोंद मॅप फाइलमध्ये करतं. मध्येच थांबवलं तरी तिथून पुढे सुरू होतं. उतरवायची ती डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी. आणि 'कुठून' आणि 'कुठे' ही नावं एंटर दाबायच्या आधी मोठ्याने वाचा.

तिरपागडा | सोमवार, ६:३२

आणि फ्रीझरमध्ये ठेवायची ती पद्धत? आमचे एक काका अजून सांगतात.

डेटा_दवाखाना | सोमवार, ६:४०

काकांना म्हणावं फ्रीझरमध्ये मटार ठेवा. बाहेर काढल्यावर आत दव धरतं. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगतं, त्यात पाण्याचा थेंब म्हणजे संपलं. घरी झाकण उघडून बघणाऱ्यांसाठीही हेच उत्तर, तिथे धूळ पुरते.

अनघा_नाशिक | सोमवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार! चेकडिस्क केलेली नाही. आकडे दशमानात:

नवी डिस्क: ०५ शून्य, सी५ शून्य, सी६ शून्य, सी७ दोन.
एसएसडीवर काही तक्रार दिसत नाही.

दिवसभर काम केलं, दुपारी डी ड्राइव्ह गेला, तरी सी७ दोनच राहिला. म्हणजे केबल पण ठीक? मग बोर्डच ना?

लॅमिंग्टनकर | सोमवार, रात्री १०:२०

मला बोर्डाचाच वास येतोय. साटा पोर्ट जात नाहीत असं समजू नका. २०११ चं प्रकरण आठवतं का? इंटेलचे सँडी ब्रिज प्रोसेसर नुकतेच आले होते आणि जानेवारीच्या शेवटी इंटेलने स्वतःच जाहीर केलं की ६ सिरीजच्या चिपसेटमध्ये (बोर्डवरच्या मुख्य चिपमध्ये) खोट आहे, ३ गिगाबिटची साटा पोर्टं काळाबरोबर मंदावत जातील. दुरुस्ती-बदलीचा खर्च त्यांनीच ७० कोटी डॉलर धरला होता. ६ गिगाबिटची दोन पोर्टं मात्र ठणठणीत. डिस्क त्या दोन पोर्टांवर हलवली की काम भागायचं. नंतर बी३ स्टेपिंगचे, म्हणजे त्या चिपच्या नव्या आवृत्तीचे, सुधारलेले बोर्ड आले. तेव्हा लॅमिंग्टन रोडवर बोर्ड घेताना खोक्यावर बी३ आहे का ते आधी बघायचो.

त्यामुळे ताई, एसएसडीचं आणि हार्डडिस्कचं पोर्ट अदलाबदल करून बघा. फुकटची परीक्षा आहे.

रात्रपाळी | सोमवार, १०:४५

अदलाबदल करण्यापेक्षा हार्डडिस्क तिसऱ्याच रिकाम्या पोर्टवर लावा. विंडोजवाली एसएसडी संशयित पोर्टवर नेऊन तिच्यावर प्रयोग कशाला? आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट, वायर सगळं एकदम बदललं तर बरं होईल, पण कशाने ते कळणार नाही.

लिनक्सप्रेमी | सोमवार, ११:१०

तसंही विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स टाका, प्रश्न मिटला.

तिरपागडा | सोमवार, ११:१२

आला बाबा. प्रत्येक धाग्यावर किती वेळात येतो याची पैज लावायला हवी.

लिनक्सप्रेमी | सोमवार, ११:३०

हसा. पण ऐका तरी. पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालू करा, इन्स्टॉल काही करायचं नाही. तिथे डी ड्राइव्हवरून मोठी फाइल वाचायला लावा आणि दुसऱ्या खिडकीत डीमेसेज (लिनक्सची नोंदवही) बघत बसा. तिथेही डिस्क गळाली तर विंडोज आणि ड्रायव्हर निर्दोष, भानगड हार्डवेअरची. शिवाय लिनक्स कारण जास्त नेमकं लिहितं. ओळीत 'यूएनसी' दिसलं तर तबकडीवरचा सेक्टर वाचता आला नाही. 'आयसीआरसी' दिसलं तर वाटेत डेटा बिघडला, म्हणजे केबल किंवा पोर्ट. आणि लिंकचा वेग ६ वरून ३, ३ वरून १.५ गिगाबिटवर उतरताना दिसला तरी रस्ताच खराब.

कोकणी_मेवा | मंगळवार, सकाळी ७:२५

आमच्याकडे सावंतवाडीला पावसाळ्यात निम्मे कॉम्प्युटर असेच वागतात. रॅम काढायची, सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवायचा, परत बसवायची. साटाच्या केबलची टोकंही काढून घाला. गेल्या पावसात एका कॅबिनेटमध्ये पालीने संसार थाटला होता, अंड्यांसकट.

सोल्डरमास्तर | मंगळवार, ८:१०

खोडरबरापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड बरं. रबराने सोन्याचा मुलामाही थोडा थोडा जातो. आणि साटाच्या कनेक्टरशी फार खेळू नका, कॅबिनेटमधलं साधं साटा कनेक्शन सुमारे ५० वेळा काढण्या-घालण्याच्या हिशेबाने बनवलेलं असतं.

रॅमचा मुद्दा मात्र सोडू नका. रॅम खराब असेल तर वाचलेला चांगला डेटा मेमरीत बिघडतो आणि बिघडलेलाच परत डिस्कवर लिहिला जातो. झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (डेटा जुळत नसल्याची तक्रार) येणं, तीच फाइल परत कॉपी केली की नीट उघडणं, ही रॅमची लक्षणं. अशा मशीनवर चेकडिस्क म्हणजे आगीत तेल. मेमटेस्ट८६प्लस पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावा. एकही लाल ओळ आली तरी रॅम नापास, 'एकच तर आहे' चालत नाही.

पण अनघाताई, रॅम खराब असली की डिस्क यादीतूनच गायब होत नाही सहसा. म्हणून मला अजून दोन आकडे हवेत: ०सी आणि सी०. आणि ड्राइव्ह गायब होते तेव्हा कॅबिनेटला कान लावा. आवाज काय येतो?

रात्रपाळी | मंगळवार, ८:३०

आता कुठे मास्तर मुद्द्यावर आले. हे दोन आकडे डिस्कच्या विजेचे, मीही पॉवरच्याच बाजूचा.

अनघा_नाशिक | मंगळवार, दुपारी ४:४०

तुम्ही सांगायच्या आधीच काल रात्री मेमटेस्ट लावला होता, सकाळपर्यंत एकही एरर नाही. डिस्क तिसऱ्या पोर्टवर नव्या केबलने लावली (रात्रपाळी, माफ करा, दोन्ही एकदम केलं, केबल आखूड पडत होती). तरीही दुपारी गेली.

आवाज: आधी "टक्", मग घरघर हळूहळू कमी होत बंद, आणि लगेच परत सुरू होताना जो 'झूंऽऽ' येतो तो. मशीन चालूच होतं!

०सी आणि सी० सकाळी लिहून ठेवले होते. ड्राइव्ह गेल्यावर दोन्ही एकेकने वाढलेत. मशीन मी मधे बंद केलं नव्हतं.

सोल्डरमास्तर | मंगळवार, ५:०५

सापडला चोर.

०सी म्हणजे डिस्कला किती वेळा पॉवर आली. सी० म्हणजे पॉवर अचानक गेल्यामुळे हेड किती वेळा घाईने जागेवर परतलं. मशीन चालू असताना हे दोन्ही वाढले याचा अर्थ डिस्कची वीज मध्येच तुटतेय. "टक्" तो हेड परतल्याचा आवाज, 'झूं' म्हणजे मोटर पुन्हा पहिल्यापासून फिरायला लागली. विंडोज बिचारं तेवढ्या वेळात हाका मारत बसतं, त्याच १२९ च्या नोंदी. पॉवर पूर्ण गेल्यावर केबलमधला डेटा बिघडायचा प्रश्नच नाही, म्हणून सी७ हलला नाही.

३.५ इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि सुरू होताना दीड-दोन अँपिअर खेचते. एसएसडीला ५ व्होल्ट पुरतात, म्हणून तीच वीज असूनही ती कुरकुरत नाही. आता झाकण उघडा आणि सांगा, हार्डडिस्कची पॉवर वायर थेट एसएमपीएसमधून येते की मध्ये काही जोड आहे? फोटो टाका.

लॅमिंग्टनकर | मंगळवार, ५:२०

बोर्डवरचा माझा दावा मागे. मल्टिमीटर असेल तर एसएमपीएसही मोजून घ्या. चार पिनच्या जुन्या कनेक्टरवर पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ ची, काळी ग्राउंड. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४० ते १२.६० आणि ४.७५ ते ५.२५. मशीनवर काम चालू असताना मोजा, नुसतं चालू ठेवून नाही.

रात्रपाळी | मंगळवार, ५:३५

मोजा, पण क्षणभराचा झोल मल्टिमीटरला दिसत नाही. आकडा १२.१ आला म्हणून एसएमपीएसला निर्दोष सोडू नका.

अनघा_नाशिक | मंगळवार, रात्री ८:१५

फोटो टाकलाय. एसएमपीएसमधून साटाचे दोनच पॉवर प्लग येतात. एक एसएसडीला आणि एक डीव्हीडी रायटरला. हार्डडिस्कला त्या चार पिनच्या जुन्या प्लगला एक छोटा कन्व्हर्टर जोडून दिलंय. कन्व्हर्टर हलवला की सैल लागतो.

आणि आता आठवतंय, हे सगळं एसएसडी बसवून घेतल्यानंतरच सुरू झालं. त्याआधी एसएसडीची ती वायर हार्डडिस्कला होती.

तिरपागडा | मंगळवार, ८:२०

म्हणजे ज्या डीव्हीडी रायटरला कुणी विचारत नाही तो थेट लाइनवर, आणि ज्याच्यावर घर चालतं तो आकड्यावर! सरकारी कनेक्शन आहे का हे?

सोल्डरमास्तर | मंगळवार, ८:४५

तिरपागडा, आज तुम्हाला पूर्ण मार्क.

ताई, मशीन बंद, प्लग भिंतीतून बाहेर. डीव्हीडी रायटरची वायर काढून हार्डडिस्कला लावा. कन्व्हर्टर फेकून द्या, रायटरलाही लावू नका. फोटोत त्याचं साटाचं टोक एकसंध ओतीव प्लॅस्टिकचं दिसतंय. या प्रकारात वायरी आत एकमेकींजवळ सरकतात, प्लॅस्टिक तापून काळं पडतं आणि काही वेळा पेटतंही. घ्यायचाच झाला तर ज्याच्या टोकाला मागून झाकण असतं आणि वायरी वेगवेगळ्या खाचेत दाबून बसवलेल्या दिसतात तो घ्या.

कोकणी_मेवा | मंगळवार, ९:००

जुन्या चार पिनच्या प्लगमधल्या पिना आतून पसरतात, तेही कारण असेल. असो, पाल नव्हती हे नशीब.

डेटा_दवाखाना | बुधवार, सकाळी १०:१०

छान निदान. पण यावरून कुणी "स्मार्टचे आकडे (०५, सी५ वगैरे, डिस्क स्वतःबद्दल ठेवते ते) बरे म्हणजे डिस्क बरी" असा निष्कर्ष काढू नका. गूगलने २००७ साली लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला होता. नापास झालेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कांनी स्मार्टमधून कसलीच चाहूल दिली नव्हती. आकडे बिघडले तर मात्र गंभीर घ्यायचे. पहिली स्कॅन एरर (तबकडी तपासताना सापडलेली चूक) आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता धडधाकट डिस्कच्या ३९ पट निघाली होती. प्रा_डॉट, ऐकताय ना?

प्रा_डॉट | बुधवार, १०:४०

ऐकतोय सर! डीडीरेस्क्यू चालू आहे. बराचसा भाग उतरला, शेवटी थोड्या जागेवर घुटमळतंय. सी५ चा आकडा रात्रीत वाढलाय. खोंडबुवांचं ऐकलं असतं तर...

जुना_खोंड | बुधवार, ११:१५

माझ्या नावाने खडे फोडू नका. तुमची डिस्क वेगळी, मी म्हणत होतो ती वेगळी. लाइट गेल्यामुळे झालेल्यांना स्लॅश आर आजही चालतो. डेटाची प्रत घेऊन, एवढं हवं तर जोडतो.

अनघा_नाशिक | रविवार, संध्याकाळी ७:३०

मंगळवारी रात्री वायर बदलली. तेव्हापासून दोन अल्बम पूर्ण केले, डी ड्राइव्ह एकदाही गेला नाही. सी० जागचा हललेला नाही, ०सी फक्त मी मशीन चालू करते तेव्हाच वाढतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ नाही. मल्टिमीटर शेजारच्यांकडून आणला, काम चालू असताना १२.०४ आणि ५.०६.

बोर्ड-प्रोसेसर-रॅमचे पैसे वाचले. सोल्डरमास्तर, नाशिकला आलात तर मिसळ माझ्याकडून.

एकच प्रश्न: "गेलेली" जुनी डिस्क माझ्याकडेच आहे. ती वापरावी का?

सोल्डरमास्तर | रविवार, ८:००

तिचेही चार आकडे बघा. ०५, सी५, सी६ शून्य असतील तर स्मार्टसीटीएल नावाच्या सॉफ्टवेअरने किंवा डिस्कच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरने लाँग टेस्ट लावा. १ टीबीला दोन-तीन तास. पास झाली तर बॅकअपसाठी ठेवा, पण फोटोंची एकमेव प्रत तिच्यावर नको, बऱ्याच वेळा वीज तुटल्याचा मार खाल्लाय तिने. नापास झाली तरी भंगारात देण्याआधी गिऱ्हाइकांचे फोटो पुसा.

तर्रीवाली मिसळ, पक्कं.

चिंटूची_आई | रविवार, ८:२५

अनघाताई, तो डीव्हीडी रायटर टाकणार असाल तर मला द्याल का? आमच्या लग्नाच्या आणि बारशाच्या सीड्या पडून आहेत, घरात वाचायला एकही ड्राइव्ह नाही. नाशिकरोडला राहते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

लॅमिंग्टनकर | रविवार, ८:४०

सीड्या आधी प्रकाशासमोर धरून बघा. मागून टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढा थर गेलेला असतो. आणि रायटरला पॉवर देताना कन्व्हर्टर लावू नका म्हणजे झालं.